मच्छिंदरबप्पा आणि समुद्रातला कापूस

मच्छिंदरबप्पाची नक्कल करायची असली तर आधी श्वास भरून घ्यावा लागतो. पार बरगड्या ताणेपर्यंत. मग डोळे वटारायचे, गाल फुगवायचे आन् सगळं एका दमात बोलून टाकायचं. कावून, तर बप्पा बोलतोच तसा. मधी थांबणं न्हाई. दम संपला की वाक्य संपलं, अर्धं राहिलं असलं तरी संपलं. मग नाकातनं 'फुर्र' करून हवा सोडायची, उजव्या कानात करंगळी घालून गदागदा हलवायची, जनू आत्ताच बुडी मारून वर आलाय. एवढं जमलं की निम्मा बप्पा तयार. उरलेला निम्मा म्हंजी मिशी. ती मात्र मला जमायची न्हाई. एवढी मोठी मिशी की बप्पा पाण्यातनं वर यायच्या आधी ती वर यायची.

मी लग्नात, सत्कारात माईक धरतो, मधी मधी नकला करतो. गावात मला नावानं कुणी हाक मारत न्हाई, 'नकल्या' म्हणतेत. बप्पाच्या नकलेवर माझं लई दिवस चाललं. त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

बप्पाचा धंदा विहिरीतल्या वस्तू काढायचा. नांदूरघाटाच्या चारी बाजूंनी कुणाच्या विहिरीत मोटार पडली, घागर पडली, शेळी पडली, की बप्पाला फोन. बप्पा यायचा, काठावर बसायचा आन् पहिल्यांदा डाव्या पायाचा अंगठा पाण्यात घालायचा. डोळे मिटून. डॉक्टर नाडी बघतोय तसा. मालक वरून बोंबलायचा, "बप्पा, मोटार खाली हाय, अंगठ्याला चिकटून येनार हाय का?" बप्पा म्हणायचा, "आधी पान्याला इचारू दे. तुला मागनं इचारतो."

ही अंगठ्याची सवय विहिरीपुरती राहिली असती तर बरं. पण बप्पा पाणी दिसलं की अंगठा घालायचा. पाझर तलावात, हौदात, बाजारातल्या उसाच्या रसवाल्याच्या बादलीत. एका लग्नात पंगतीच्या हात धुवायच्या टाकीत घातला. वरमाय खवळली. बप्पा शांतपणे म्हणाला, "खालचं पानी शिळं हाय. वरचंच वापरा."

आता सरवदे सरांचं सांगतो. हे अंबाजोगाईला एका कॉलेजात शिकवायचे, मूळ आमच्या शेजारच्या गावचे. त्यांचा अभ्यास समुद्रातल्या प्रवाळावर. बीड जिल्ह्यात समुद्र न्हाई. जवळचा समुद्र म्हणाल तर एसटीत अंग मोडून निघेपर्यंत लांब. पण आमच्याकडं असंच असतंय. ज्याला ढोरं कळतेत तो बँकेत लागतो, ज्याला हिशेब येतो तो कीर्तन करतो, आन् सरवदे सर प्रवाळावर शिकले.

एकदा दिवाळीत सर गावी आले आन् त्यांच्या वडलांच्या विहिरीत मोटार पडली. बप्पा आला, अंगठा घातला, बुडी मारली. वर आला तो बोलतच. "वरलं दीड परस पानी कोमट, मंग एक वीत जागा अशी की कंबर ऊन आन् गुडघं गार, त्याच्या खाली पूर्वेच्या कपारीतनं झिरा लागतोय बर्फावानी, समदे मासं तिथंच गोळा झाल्यात आन् मोटार—" दम संपला. फुर्र. कानात करंगळी.

परस म्हंजी हात वर करून उभा राहिलेला एक माणूस, आमच्याकडं विहिरीची खोली तशीच मोजतात. सरांनी वहीत ते लिहून घेतलं. वडील म्हणाले, "अरे, मोटार इचार की!"

"मोटार काय, ती आनली की वर," बप्पा म्हणाला. "मी पान्याचं सांगतोय."

सरांना मोटारीचं काही पडलं नव्हतं. त्यांचं कोकणात काम चाललं होतं आन् त्यांच्या बरोबरची पोरं पोहण्याच्या तलावात पोहायला शिकलेली. पाण्यात उतरायची पण पाणी त्यांना कळायचं न्हाई. सर बप्पाला म्हणाले, "समुद्रावर येता का?"

बप्पानं विचारलं, "कोन मालक हाय त्याचा?"

उन्हाळा लागला आन् बप्पा समुद्रावर गेला. होडीवरच्या तांडेलानं पहिल्याच दिवशी विचारलं, "हो खंयचो माणूस?" सर म्हणाले, बीडचा. तांडेल हसून हसून वल्ह्यावर पडला. "थंय दर्यो खंय असा?" बप्पाला भाषा कळली न्हाई पण हसणं कळलं. तो होडीच्या कडंला बसला, डावा अंगठा अख्ख्या अरबी समुद्रात घातला, जरा वेळ तसाच राहिला आन् म्हणाला, "आपल्या खालनं पानी उत्तरंला चाललंय. वरलं न्हाई. खालचं." तांडेलाचं हसू थांबलं. बरोबर होतं.

आता चूक. ही चूक बीड जिल्ह्यातल्या माणसालाच करता येते.

मे महिना. कडक ऊन, वारा न्हाई, समुद्र ताटात वाढलेल्या वरणासारखा गप. बप्पा खाली गेला आन् जाग्यावर थांबला. जिकडं बघावं तिकडं पांढरं. फांदी न् फांदी पांढरी, टोकाला फुललेली, शुभ्र. बप्पानं आयुष्यात असं पांढरं एकाच ठिकाणी बघितलेलं, दसऱ्याच्या सुमाराला कापसाच्या रानात. अख्खी पऱ्हाटी फुटलेली. तो तीरासारखा वर आला आन् मिशीतलं पाणी उडवत बोंबलला, "सर, फुटलाय! समदा एकदम फुटलाय! एका येचनीत निघतोय, बाया लावा!"

सरांनी त्याला होडीत ओढून घेतलं, समोर बसवलं.

त्यांनी समजावलं. पुढं बप्पा आम्हाला तेच समजावायचा, चार दमात. मी त्याच्याच आवाजात सांगतो. "प्रवाळ म्हंजी दगड न्हाई आन् झाड बी न्हाई. बारीक बारीक जिवांचं गाव हाय, घरं दगडाची." फुर्र. "हरेकाच्या घरात एक भाडेकरू, शेवाळाचा कण. सैपाक त्योच करतोय, घराला रंग बी त्यानंच दिल्याला." फुर्र. "पानी लई दिस तापलं की दोघांचं फाटतंय, मालक भाडेकरूला हाकलतोय. रंग गेला, सैपाक गेला. उरलं पांढरं घर आन् आत उपाशी मालक." फुर्र. "मेला न्हाई अजून, ध्यानात घ्या. वक्तावर पानी गार झालं तर भाडेकरू परत येतोय. न्हाई झालं तर मालक मरतोय आन् मंग घरावर गवत उगवतंय."

त्या दिवशी बप्पा जेवला न्हाई. "तापानं फणफणलेल्या मानसाच्या दारात जाऊन मी पेढं मागितलं," म्हणाला.

तिथनं पुढं तो बदलला. सरांच्या नकाशात प्रवाळाचे दोन तुकडे होते, एक नंबर आन् दोन नंबर. बप्पानं त्यांना नावं दिली. एक होता आडोशाच्या खाडीत, संथ पाण्यात. वर पर्यटकांच्या होड्या, नांगर टाकून उभ्या, काठावरच्या लॉजांचं सांडपाणी आत येणारं. तो 'मंडप'. दुसरा दोन खडकांच्या फटीमागं, जिथं पाणी कायम रेटा मारून जायचं. तो 'घाट'. दोन्ही सारखेच पांढरे पडलेले.

सरांच्या लॅपटॉपवर वरच्या सायबांचा एक नकाशा होता, आकाशातनं काढलेला. त्यात तो सगळा किनारा लालभडक. म्हंजी दोन्ही तुकडे गेल्यात जमा. बप्पा त्या नकाशाकडं बघून म्हणाला, "ह्यो फोटू वरनं काढलाय न्हवं? कपाळाला हात लावून पोटातलं दुखनं कळतंय व्हय?" मग सांगितलं, भरती उलटायच्या वक्ताला घाटाच्या फटीतनं खालचं गार पाणी वर चढतंय. रोज. थोडाच वेळ, पण चढतंय. त्याच्या अंगठ्याला लागलंय. मंडपात तसं काही न्हाई, तिथं पाणी हलतच न्हाई, वर घाण आन् वर पाव्हणे. "आजाऱ्याला उन्हात बसवायचं, दारं लावायची आन् बघायला गाव बोलवायचं. जगंल कसा? घाट उठंल. मंडप न्हाई उठायचा."

सरांनी कोंबडीच्या अंड्याएवढं एक यंत्र घाटाच्या खडकाला बांधलं, पाण्याची ऊब टिपून ठेवणारं. बप्पा म्हणाला, "बांधा. मला बी कुनीतरी साक्षीला पायजेच."

पावसाळ्याला समुद्र बंद झाला आन् बप्पा गावी आला. गाडीतनं उतरतो तर वेशीत फ्लेक्स. वर बप्पा, त्याच्यामागं जहाज, डॉल्फिन आन् नारळाची झाडं. बप्पाच्या फोटोपेक्षा मोठा फोटो नानांचा. नाना म्हंजी माजी सभापती, ऐंशी एकर काळं रान, आन् ज्या कामात आपला हात न्हाई त्यात फोटो तरी पायजेच असा दंडक. सत्काराला माईक माझ्याकडं. मी आधी बप्पाची नक्कल केली, बप्पा सगळ्यात जोरात हसला. मग शाल, श्रीफळ, आन् नाना बोलायला उठले.

"मच्छिंदरनं कोरलचा अभ्यास केला. कोरल म्हंजी कोन? आपलं पवळं!" नानांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. त्यात तांबड्या पोवळ्याची अंगठी. मंगळ वक्री होता तेव्हा घातली आन् त्याच वर्षी निवडून आले, तवापसून काढली न्हाई. "मी आज जाहीर करतो. आपल्या पाझर तलावात कोरल पार्क करू! पर्यटन वाढंल!"

टाळ्या. बप्पा उठला. "नाना, तलावाचं पानी गोडं हाय. त्ये समुद्रातच जगतंय, खाऱ्या पान्यात."

"मीठ काय, ट्रकनं टाकू!"

मागनं एक म्हातारा बोलला, "मंग ढोरं काय पितील?"

"ढोराला बी मीठ लागतंयच की," नाना म्हणाले. पुन्हा टाळ्या. आमच्या गावात टाळ्या वाजवायला अर्थ लागत न्हाई.

बप्पानं श्वास भरला. मला वाटलं आता लांबलचक येतंय. पण त्यानं नानांच्या बोटाकडं बघून एवढंच म्हटलं, "नाना, तुमच्या अंगठीतलं बी कुनाचं तरी घर हाय. जात येगळी, पन घर हाय. आन् तुमी त्ये बोटात घालून फिरताव."

मंडपात, म्हंजी आमच्या सत्काराच्या मंडपात, टाळ्यांचे हात वरच राहिले. नानांना कुणी असं बोलत न्हाई. ते हसले, पण दातांनी.

"आसं हाय व्हय. मंग त्या तुझ्या घाटाचं सांग. मेल्यालं उठतंय म्हनतोस?"

"मेल्यालं न्हाई. रंग गेल्यालं."

"उठलं तर ही अंगठी काढून तुझ्या हातात देतो. समुद्रात टाक, घरी सोड. आन् न्हाई उठलं तर?"

बप्पानं मिशीला हात लावला. "ही देतो."

"कबूल?"

"कबूल. जबान हाय."

पैज तुम्हाला बारकी वाटंल. पण बप्पाच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मिशी उतरवली न्हाई, बाप मेल्यावर बप्पानं डोकं भादरलं पण मिशी ठेवली, त्यावरनं भावकीनं दोन वर्षं बोलणं टाकलेलं. ती मिशी म्हंजी त्याचा शब्द होता. आन् आता तो शब्द समुद्रात, खडकाच्या फटीमागं, पांढरा पडून होता.

मृग कोरडा गेला. गावाचं तोंड वाळलं, पेरण्या खोळंबल्या. आन् बप्पा रोज सकाळी माझ्याकडं. "नकल्या, मोबाईलवर बघ रं, कोकणात ढग हाय का?" मी म्हणायचो, बप्पा, आपल्याकडचं बघू का? "आपल्याकडचं समदे बघत्यात. त्याचं कोन बघनार?"

हे गिरणीपाशी कळलं. मग काय! "आपल्या पऱ्हाटीला थेंब न्हाई आन् ह्यो समुद्रावर पाऊस मागतोय! समुद्राला पान्याची काय कमी हाय बे?"

"पाऊस न्हाई मागत," बप्पा म्हणाला. "सावली मागतोय."

लोकांना त्यातलं काही कळलं न्हाई. पण पुढं आठ दिवसांनी कोकणात धो धो सुरू झालं, टीव्हीवर नद्या दाखवायला लागले, तर बप्पा आणखी बेजार. आता म्हणे एवढा नको. नदीचा गाळ समुद्रात जाईल, त्या जिवांच्या नाकातोंडात बसेल. गिरणीवाला म्हणाला, "ह्याला पाऊस न्हाई तरी तरास, हाय तरी तरास. ह्यो खरा शेतकरी."

दिवाळीनंतर समुद्र निवळला आन् सरांचा फोन आला. गावानं ठरवलं, बप्पासंगं साक्षीदार पाठवायचा. कुणाला? मला. नाना म्हणाले, "नकल्या जे बघंल त्ये हुबेहूब सांगंल." मला पोहता येत न्हाई, एसटीत उलट्या होतात, पण गावाचा हुकूम.

होडीत बप्पा पुढंच कडंला बसला. आधी मंडपापाशी अंगठा घातला, बुडी मारली, लगेच वर आला. "गवत," म्हणाला. बस. तोंड पार उतरलं.

घाटापाशी आलो. अंगठा घातला. ह्या वेळी डोळे मिटले न्हाईत. सरांनी हातात क्यामेरा दिला आन् बप्पा गेला. मी मनात आकडे म्हणायला लागलो. मग आकडे विसरलो. तांडेल पाण्याकडं बघत होता, सर पाण्याकडं, मी तांडेलाकडं. आन् वर आली मिशी. मागनं बप्पा.

होडीची कड धरून तो तसाच राहिला. फुर्र केलं न्हाई. कानात करंगळी घातली न्हाई. दम शिल्लक होता, छाती वरखाली होत होती, पण वाक्य न्हाई. बप्पाकडं दम हाय आन् वाक्य न्हाई, असं मी तेव्हाच बघितलं.

"बप्पा?" सर म्हणाले.

"आले," बप्पा म्हणाला. "भाडेकरू आले. कडंचं गेलं, सर. मधलं समदं उठलंय."

सरांनी अंड्याएवढं यंत्र सोडवलं, लॅपटॉपला लावलं. रेघ आधी वर वर जाणारी, पावसाळ्यात उतरलेली, आन् तिला रोज एक खळगा. भरती उलटायच्या वक्ताला. सर म्हणाले, "बप्पा, तुमचा अंगठा आन् यंत्र जुळलं."

"यंत्राला सांगा," बप्पा म्हणाला, "शाबास म्हनून."

गावात पडदा लावला शाळेच्या पटांगणात. सर कामासाठी कोकणातच राहिलेले. नाना पुढच्या सोफ्यावर, शेजारी न्हावी वस्तऱ्यासह हजर, कायद्यात कसर नको म्हणून. नाना म्हणाले, आधी नक्कल होऊ दे. मी केली. श्वास, डोळे, फुर्र, करंगळी. पटांगण लोळलं.

मग पहिला व्हिडिओ, मे महिन्यातला. पांढरंशुभ्र, फुललेलं. बायका म्हणाल्या, "आगं बाई, काय सुंदर!" मग दुसरा, आत्ताचा. आता खरं सांगायचं तर जिवंत प्रवाळ दिसायला काही खास नसतंय. चिक्कूच्या सालीसारखं. मातकट, तपकिरी, मधी कुठं हिरवट झाक.

मग मागनं कुणीतरी बोललं, "कवडी झाली की!"

कवडी म्हंजी पावसात भिजून नासलेला कापूस. तपकिरी. व्यापारी हात लावत न्हाई. आन् आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतंय, पांढरा तो चांगला, तपकिरी तो गेला. "खरंच की! पार नासलं!" "आधी किती बेस व्हतं!" "मच्छिंदर हारला!"

मी माईक उचलला. माझ्या आवाजात सांगितलं, "आवो, उलटं हाय! पांढरं आजारी व्हतं, ह्ये जितं हाय! मी गेलतो, रंग परत आलाय, सरांच्या यंत्रात बी—"

पटांगण पुन्हा लोळलं. एक जण टाळ्या पिटत ओरडला, "हुबेहूब बे! हुबेहूब बप्पा!"

मी बोलतच राहिलो. जेवढं जीव तोडून सांगावं तेवढं लोक हसायले. मी गावाला इतकी वर्षं हेच शिकवलं होतं, की बप्पाचं बोलणं आलं की हसायचं.

बप्पा माझ्याकडं आला, हातातनं माईक घेतला आन् बंद केला. "ऱ्हाऊ दे लेका. मी बी पयल्यांदा पांढरं बघून बायाच बोलवल्या व्हत्या." मग न्हाव्यासमोर खुर्चीवर बसला.

नानांचं मन मोठं झालं. "निम्मी ठेव रे मच्छिंदर."

"न्हाई नाना. जबान ती जबान."

वस्तरा चालला. पडद्यावर ते तपकिरी चित्र थांबलेलंच होतं, कुणी बंद केलं न्हाई. बप्पा त्याच्याकडं बघत होता आन् हसत होता. न्हावी दोनदा म्हणाला, "बप्पा, व्हट हलवू नका, कापंल."

मागनं मी विचारलं, "बप्पा, तुमी जिंकलाव की! कावून दिली?"

"नानाला मिशी पायजे व्हती, मला घाटाचा तुकडा जिता. दोघांचं बी झालं."

दुसऱ्याच दिवशी केजच्या स्टँडवर दिसला. खांद्याला पिशवी, परत समुद्रावर निघालेला. सरांनी कागदावर 'घाट जिवंत' लिहिलं होतं, आता तिथं होड्यांनी नांगर टाकू नये म्हणून दोर न् तरंगती पिंपं बांधायची होती. मी जवळ गेलो आन् माझं हसू तोंडातच राहिलं. उन्हानं आन् खाऱ्या पाण्यानं रापून काळाकुळकुळीत झालेला चेहरा, आन् मधोमध, नाकाखाली, मिशीएवढी जागा पांढरीफट. चाळीस वर्षं ऊन न लागलेली.

मी बघतोय हे त्यानं बघितलं. एसटी आली तशी पायरीवर पाय ठेवला, छातीभर श्वास घेतला आन् त्या पांढऱ्या जागेवर बोट फिरवलं.

"बघतोस काय? रंग गेलाय. जीव न्हाई गेला."

फुर्र केलं, आन् आत गेला.